गडद स्लाइड आणि प्रकाशाचा हिशेब

मागच्या पिढीची पुष्कळ रंगीत छायाचित्रे ३५ मिलिमीटरच्या स्लाइडवर आहेत. ती संगणकात उतरवणे वाटते तितके सोपे नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या काकांकडे अशा स्लाइडचा एक डबा आहे. त्यातली एक चाळीच्या गणपतीची. समईच्या उजेडात मूर्ती दिसते. मागे गॅलरीत उभी असलेली माणसे जवळजवळ काळी. त्यांत माझी आजी आहे, असे काका सांगतात. आमच्या घरी तिचा एकही फोटो नाही. एका दुकानातून स्लाइड स्कॅन करून आणली, तेव्हा मूर्तीमागे नुसता काळोख आला.

असे का व्हावे? निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग पारदर्शक असतो. स्लाइडमध्ये तोच सर्वांत दाट असतो. घनता १ म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा पार जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. स्लाइडची गडद सावली ३ च्याही पुढे जाऊ शकते. इतका क्षीण प्रकाश स्कॅनरच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. त्यातून स्वयंचलित एक्स्पोजर बहुधा सर्वांत उजळ जागा सांभाळून ठरते. येथे ती जागा म्हणजे समईची ज्योत.

स्कॅन झाल्यावर संगणकावर चित्र उजळले, तर सावलीबरोबर खरखरही उजळते. म्हणून एक्स्पोजर स्कॅन करतानाच वाढवावे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, तीन स्टॉप म्हणजे आठपट. मात्र काही साध्या स्कॅनरमध्ये ही सोय नावापुरतीच असते. प्रकाश तोच राहतो, फक्त आकडे वाढतात. प्रत्येक रंगाला ८ बिट ठेवल्यास २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिट ठेवल्यास ६५,५३६. गडद स्लाइडला १६ च हवेत.

पण सावली उजळली की ज्योत पांढरीफटक होते. यावर उपाय दोन स्कॅनचा : स्लाइड न हलवता एक मूर्तीसाठी, एक सावलीसाठी, मग दोन्ही जोडावेत.

मित्राच्या स्कॅनरवर आम्ही तसे केले. तिसऱ्या स्टॉपला नऊवारीचा काठ, कठड्यावरचा हात आणि अर्धा चेहरा दिसला. चौथ्याला नवे काही आले नाही. फिल्मवर जे उमटलेच नाही, ते कोणताही स्कॅनर देऊ शकत नाही.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, “आईच.”

विद्यार्थीमित्रांनो, घरात अशी स्लाइड असेल, तर काळी दिसते म्हणून ती टाकू नका.