तटाच्या आतले शहर आणि सोबतीची मैत्रीण

मु. बेज्जूर

चि. भाचीस,

परदेशात शिकायला जाणाऱ्याला विद्यापीठाच्या जोडीला आणखी एक शाळा फुकट मिळते, ती म्हणजे ते विद्यापीठ ज्या गावात आहे ते गाव. आणि भाची ज्या यॉर्कला निघाली आहे ते उत्तर इंग्लंडमधले शहर इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याच्या छावणीपासून वाढलेले आणि तटबंदीच्या आत अजूनही नांदते असल्याने ही दुसरी शाळा तेथे विशेष मोठी आहे. विद्यापीठ मात्र १९६३ चे आणि तटाबाहेरचे. वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह एवढ्यातच जो वर्ष काढील त्याला पदवी मिळेल, शहर भेटणार नाही. ते शहर पायी हिंडावे, घाई न करता हिंडावे आणि एकटीने न हिंडता एखाद्या मैत्रिणीसोबत, शक्यतो दुसऱ्या देशातून आलेल्या मैत्रिणीसोबत हिंडावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

परक्या शहरात सोबतीचे मोल किती असते हे बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवरून कळते. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. त्याच शहरात जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. शहर त्यांना त्यांच्या ध्यासातून उलगडले आणि सोबत्याने परकेपणा हलका केला. दोन्ही गोष्टी लागतात.

परदेशी मैत्रिणीचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. ती आज ना उद्या विचारणार की भाचीच्या गावाजवळचे जुने शहर कोणते, त्याला वेस आहे काय, ती कोणी बांधली. त्या वेळी ताजमहालाचे नाव सांगून वेळ मारून नेणे शोभणार नाही. म्हणून निघण्याआधी निदान एक दिवस कागजनगरला गाडी धरून बल्लारशाहमार्गे चंद्रपूर गाठावे आणि गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाला, म्हणजे शहराभोवतीच्या तटबंदीला, डोळे उघडे ठेवून फेरी मारावी. परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. जटपुरा दरवाजातून आजही दुचाक्या, ऑटो आणि माणसे दाटीवाटीने आत-बाहेर करतात. त्या गर्दीत क्षणभर बाजूला उभे राहून वर पाहिले तर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला दिसतो, जे गोंड राजांचे चिन्ह. शेकडो वेळा त्या दरवाजातून गेलेल्या माणसालाही ते ठाऊक नसते, कारण तेथे मान वर करायला कोणी सांगत नाही.

चार दरवाजांखेरीज तटाला पाच ‘खिडक्या’ आहेत. घराची खिडकी म्हणजे उजेडवाऱ्याची वाट, पण तटाची खिडकी म्हणजे माणूस जाईल एवढा लहान दरवाजा. हनुमान, बगड, विठोबा, चोर आणि मसण अशी त्यांची नावे आहेत, आणि मसण म्हणजे स्मशान हे बेज्जूरच्या मुलीला सांगावे लागणार नाही. हा शब्दाचा भेद नीट लक्षात ठेवला तर यॉर्कमध्ये पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल, कारण तेथेही शब्दांनी असाच चकवा दिला आहे. तेथील तटाच्या दरवाजाला ‘बार’ म्हणतात: मिकलगेट बार, बूथम बार, मंक बार, वॉमगेट बार, आणि ‘गेट’ हा शब्द ज्यांच्या नावाच्या शेवटी येतो ते दरवाजे नसून रस्ते असतात. ८६६ साली डेन्मार्ककडच्या वायकिंगांनी हे शहर जिंकले, आणि त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत, ते रस्त्यांच्या नावात आजतागायत मुरून राहिले. कॉपरगेट म्हणजे लाकडी प्याले-वाडगे करणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात तेथे उत्खनन झाले तेव्हा ओल्या मातीत जपलेली लाकडी भांडी आणि ती कातताना मधून निघालेले लाकडाचे गाभे सापडले, म्हणजे हजार वर्षे केवळ नावात उरलेला धंदा जमिनीतून वर आला. जिच्या तालुक्यात एकाच वस्तूला तेलुगू, गोंडी, मराठी आणि उर्दू अशी चार नावे ऐकू येतात तिला अशा नावांचा उलगडा करण्याची सवय उपजतच असते. ती तेथे वापरावी, आणि मैत्रिणीच्या भाषेत रस्त्याला काय म्हणतात तेही विचारावे.

दंतकथांच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. चंद्रपूरची कथा अशी की, अंगावरच्या फोडांनी त्रासलेल्या खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाला झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने गुण आला, आणि पुढे एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला, तेव्हा त्या पाठलागाच्या वाटेवरूनच राणीच्या सल्ल्याने परकोटाची आखणी झाली. यॉर्कमध्ये डिक टर्पिन या दरोडेखोराने लंडनपासून यॉर्कपर्यंत एका दमात घोडा पिटाळला अशी कथा ऐकायला मिळते. वास्तविक त्याला १७३९ साली तेथे फाशी झाली हे खरे आणि ती घोडदौड त्याच्या नावावर रुजवली ती १८३४ च्या एका कादंबरीने. दोन्ही कथा मैत्रिणीला जरूर सांगाव्यात, मात्र ‘असे घडले’ आणि ‘असे सांगतात’ यांतील फरक राखून सांगाव्यात. सशाची कथा इतिहास म्हणून टिकत नसली तरी दुबळ्याने उलटून उभे राहिल्याच्या जागेवर आपले शहर वसले आहे असे लोकांना वाटले, ही गोष्ट खरीच आहे.

तट टिकला तो आपोआप टिकला, असेही समजू नये. १८०० च्या सुमारास यॉर्कच्या नगरसभेलाच तो पाडून टाकायचा होता. विल्यम एटी या चित्रकारासारख्या स्थानिकांनी विरोध केला म्हणून बराचसा वाचला, तरी दरवाजांपुढचे आडकोट, ज्यांना बार्बिकन म्हणतात, ते गेले, आणि आज फक्त वॉमगेट बारचा उरला आहे. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने परकोटावरची झुडपे आणि कचरा काढला. वॉमगेट बारसमोर उभे राहून मैत्रिणीला हे सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

सुंदर जागांवरच थांबू नये, हे मात्र कळकळीने सांगायचे आहे. क्लिफर्ड्‌स टॉवर नावाचा बुरूज हिरव्या टेकडीवर उभा आहे आणि छायाचित्राला फार छान दिसतो. पण त्याच जागी पूर्वी असलेल्या लाकडी बुरुजात ११९० साली जमावाच्या भीतीने आश्रय घेतलेल्या सुमारे दीडशे ज्यूंचा अंत झाला. तेथे छायाचित्र काढण्याआधी तो इतिहास वाचावा. तसेच, त्या शहरातील चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातील सीबोम राउंट्री यांनी घरोघर चौकशी करून १९०१ मध्ये दाखवून दिले की यॉर्कची सुमारे २८ टक्के वस्ती दारिद्र्यात होती. पर्यटकांच्या वाटेपलीकडच्या ज्या गल्ल्यांत ही चौकशी झाली त्याही पाहाव्यात, कारण राजांचा आणि बिशपांचा इतिहास दगडात राहतो आणि मजुरांचा राहत नाही.

परक्याने गाव कसे पाहावे याचा नमुना दूर शोधायला नको. १९४० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या जोडेघाटच्या परिसरात गोंडांचे नेते कुमुरम भीम यांना निजामाच्या पोलिसांनी मारल्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास व्हिएन्नात जन्मलेल्या ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे, म्हणजे माणसांच्या समाजरीतींचा अभ्यास करणाऱ्याकडे, सोपवला. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलावाईत राहिले. हैमेनडॉर्फ गोंडी शिकले, आणि बेट्टींची समाधी आजही त्याच गावात आहे. ज्या जिल्ह्याला दूरदेशीच्या माणसाने असे पाहिले त्या जिल्ह्याची मुलगी दूरदेशी जाताना उथळपणे पाहून परतली, असे होऊ नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. यॉर्कच्या तटाची फेरी सुमारे साडेतीन किलोमीटरची असली तरी ती एका दिवसात उरकू नये; एका आठवड्यात एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत जावे आणि खाली उतरून तेथल्या गल्ल्या पाहाव्यात. तटाच्या आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, म्हणून बोलत चालताना मैत्रिणीला भिंतीच्या बाजूला ठेवावे. डिसेंबरात तेथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि अंधार पडताना तट बंद होतो, म्हणून हिवाळ्यात सकाळीच निघावे. वसंतात मात्र तटाखालच्या उतारावर पिवळी डॅफोडिल फुले येतात, तेव्हा तीच वाट पुन्हा चालावी. चहापाण्याचा आणि तिकिटांचा खर्च निम्मानिम्मा हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे, कारण मागाहून तो विषय काढणे दोघींनाही जड जाते. लहान वही जवळ ठेवून दिसलेले नाव, दगडावरची खूण आणि मैत्रिणीने विचारलेला प्रश्न त्याच दिवशी लिहावा. ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही तो बेज्जूरला कळवावा, म्हणजे चंद्रपूरला जाऊन येथून उत्तर शोधून पाठवता येईल.



मामाचे आशीर्वाद