आधाराने चढणारे दोन जीव

तामिळनाडूतील पश्चिम घाटाच्या अरण्यांत सिंहपुच्छ माकड राहते. कळलावी हे त्याच राज्याचे राज्यपुष्प आहे. उंची गाठण्यास दोघांनाही दुसऱ्याचा आधार लागतो.

कळलावीच्या पानाचे टोक लांबट होऊन जवळच्या फांदीस वेढा घालते. वृक्ष नसला, तर तिला झुडूप वा कुंपणही पुरते. सिंहपुच्छ माकडाच्या शेपटीस गोंडा असतो, परंतु पकड नसते. हातापायांनी फांद्या धरीत ते बहुतेक आयुष्य सदाहरित वृक्षांच्या शेंड्यांवर घालविते. वृक्षांची सलगता तुटली, की त्याचा मार्ग खुंटतो.

कोरड्या ऋतूत कळलावी सुकते, तरी जमिनीतील कंदातून पावसाळ्यात नवा कोंब फुटतो. कंदच खणून नेला, तर मात्र तीही संपते. माकडाच्या मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. त्यामुळे घटलेली संख्या फार सावकाश भरून येते. ही जाती आज संकटग्रस्त आहे.

केरळातील सायलेंट व्हॅली १९८४ साली राष्ट्रीय उद्यान ठरली आणि या माकडाचे एक महत्त्वाचे अरण्य वाचले. तामिळनाडूत वालपारै परिसरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे जोडणारे पूल त्याच्यासाठी बांधले आहेत. अशा पुलांनी रस्ता ओलांडता येतो. अन्न व निवारा अरण्यच देते.