बिल्ल्यांतील इतिहास

शाळेच्या समारंभांत स्वयंसेवकाच्या छातीवर लाविलेला बिल्ला आपण सर्वांनीं पाहिला आहे. समारंभ संपला कीं तो एखाद्या खणांत जाऊन पडतो. अशा क्षुल्लक वस्तूपासून काय शिकावयाचें, असें पुष्कळांस वाटेल. तथापि जुनीं यंत्रें व नाहींशीं झालेलीं स्थळें ज्यांवर चितारलेलीं असतात, असे बिल्ले आज अनेक देशांत हौसेनें जमविले जातात. म्हणून त्यांचा थोडा विचार करूं.

अमेरिकेंत यास 'बटण' म्हणतात, व तें नांव सार्थ आहे. १७८९ सालीं वॉशिंग्टन अध्यक्ष झाला, त्या वेळीं लोकांनीं अंगरख्यास खरोखरीचींच पितळी स्मारक-बटणें लाविलीं होतीं. पुढें न्यूअर्क येथील व्हाइटहेड आणि होग या कंपनीनें १८९६ सालीं टाचणीच्या बिल्ल्याचें पेटंट मिळविलें. पत्र्याची चकती, तीवर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, मागें धातूचें कडें व त्यांत बसविलेली तारेची टाचणी, एवढाच त्याचा संसार. चित्र कागदावर छापलेलें, म्हणून खर्च अल्प; वर पापुद्रा, म्हणून तें लवकर मळत नाहीं. त्याच वर्षीं मॅकिन्ली व ब्रायन यांच्या निवडणुकींत असे बिल्ले मुबलक वाटले गेले.

प्रदर्शनांतही त्यांचा उपयोग झाला. न्यूयॉर्क येथें १९३९ सालीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत जनरल मोटर्सचें 'फ्यूचरामा' नांवाचें दालन होतें. सरकत्या आसनांवर बसून प्रेक्षक १९६० सालचीं कल्पित शहरें व रस्ते पाहत, आणि बाहेर पडतांना 'मी भविष्य पाहिलें आहे' अशा अर्थाचा बिल्ला त्यांस मिळे. प्रदर्शन १९४० सालीं संपलें. तेथील प्रचंड गोल व उंच सुळका पाडून त्यांचें पोलाद युद्धकार्यास दिलें गेलें. पुढें १९६० सालही येऊन गेलें. बिल्ला मात्र संग्राहकांच्या पेट्यांत अद्याप आहे.

अलीकडे धातूच्या ठशांत रंगीत मिना भरून केलेले बिल्ले निघतात. त्यांवर १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें आणलेली ध्वनिफितीची कॅसेट, चकती फिरविण्याचा टेलिफोन, किंवा १९६० सालीं पाडलेलें ब्रुकलिनचें एबेट्स फील्ड हें क्रीडांगण दिसतें. येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. फ्यूचरामाचा बिल्ला लावणारा 'मी तेथें होतों' अशी साक्ष देत होता. आजचा बिल्ला लावणाऱ्या मुलानें ती कॅसेट बहुधा कधीं वाजविलेली नसते. त्याची हौस निर्दोष आहे. पण चित्र मिरविणें म्हणजे ती वस्तु जाणणें नव्हे.

ती जाणणारीं माणसें आपल्या घरांत आहेत. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. दारांत तारवाला दिसतांच घरांतील बायामाणसांच्या छातींत कां धस्स होई, हें कोणताही बिल्ला सांगणार नाहीं, आजीआजोबा सांगतील. म्हणून विद्यार्थ्यांनीं असा बिल्ला अवश्य घ्यावा, परंतु तो प्रथम घरच्या वडील मंडळींपुढें ठेवून 'हें कसें चालत असे?' एवढें विचारावें, व उत्तर वहींत टिपून ठेवावें. पालकांनींही त्यासाठीं घटकाभर वेळ काढावा. बिल्ला हरवला तर दुसरा विकत मिळेल. आठवण सांगणारें माणूस गेल्यावर तें उत्तर कोठें मिळावयाचें?