संगणक जाळ्यातील दुवे : देखरेख आणि निगा



ठिबक संच बसवला म्हणजे काम संपले, असे कोणी जाणता बागायतदार मानत नाही. मेन लाईनवरचा दाब पाहावा लागतो, फिल्टर धुवावा लागतो, लॅटरलचे शेवटचे टोक उघडून पाणी पोचते की नाही याची खात्री करावी लागते. संगणक जाळ्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की लॅटरल फुटली तर चिखल दिसतो. जाळ्यातील दुवा तुटला तर काहीच दिसत नाही.

जालना जिल्ह्यात हे जाळे आता बांधापर्यंत आले आहे. मोसंबीच्या बागेत ओलावा मोजणारे सेन्सर आणि स्वयंचलित ठिबक आले. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट नावाने ओळखली गेली. २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची दर १० मिनिटांनी नोंद घेण्याची त्यात सोय केली गेली. या सर्व सोयी दुव्यांवर चालतात. म्हणून दुव्याची देखरेख हे आता शेतकऱ्याचेही काम झाले आहे.

शून्य पाऊस की रिकामी नोंद?

समजा, तुमच्या गटाने गावात पर्जन्यमापक बसवला आहे व नवीन जालन्यातील गटाच्या कार्यालयात त्याचे आकडे जमा होतात. जूनमध्ये एकूण ८५ मि.मी. पाऊस झाला. मात्र त्यातील ४० मि.मी. पाऊस ज्या दोन दिवसांत पडला, त्या दिवसांत दुवा बंद होता. संगणकाने रिकाम्या जागी शून्य धरले व पडद्यावर बेरीज दिसली ४५ मि.मी. पेरणीसाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस हवा, या शिफारशीप्रमाणे तुम्ही थांबलात आणि वापसा निघून गेला. पाऊस कमी पडला नव्हता. निरोप पोचला नव्हता.

बागेत याच्या उलट धोका असतो. दुवा तुटल्यावर पडद्यावर ओलाव्याचा शेवटचा आकडाच दिसत राहतो. जमीन ओली आहे असे समजून मोटार सुरू होत नाही व झाडे ताणावर जातात. म्हणून पहिला नियम असा : नुसता आकडा पाहू नये, तो किती वाजताचा आहे हे पाहावे. माहिती आली नसेल तर नोंदवहीत शून्य न लिहिता आडवी रेघ मारावी. आकडे साठवून ठेवणारे यंत्र असेल, तर दुवा जुळल्यावर मागील नोंदी येतात. त्या आल्यानंतर बेरीज पुन्हा करावी.

आपल्या जाळ्यात किती दुवे आहेत?

प्रथम कागदावर नकाशा काढावा. बागेतील सेन्सरपासून खांबावरचा रेडिओ, रेडिओपासून घरातील राउटर, राउटरपासून मोबाईल टॉवर किंवा प्रकाशतंतू आणि तेथून कार्यालय, अशी ही साखळी असते. साखळी लांबली की खात्री कमी होते. एक दुवा १०० पैकी ९९ तास चालत असेल तर तो वर्षाच्या ८७६० तासांत सुमारे ८८ तास बंद राहतो. असे तीन दुवे एकापुढे एक असतील तर माहिती बंद राहण्याचा काळ सुमारे २६० तास, म्हणजे जवळपास ११ दिवस होतो. नेमके हे ११ दिवस पेरणीच्या किंवा बहाराच्या हंगामात आले तर काय, याचा विचार करावा.

काय मोजावे?

१) चालू की बंद : ही सर्वात सोपी तपासणी आहे. सकाळी व सायंकाळी ठराविक वेळी करावी.

२) विलंब : निरोप जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ मिलिसेकंदात मोजतात. घरातील तारेच्या दुव्यावर तो १-२ मिलिसेकंद असतो. मोबाईलच्या फोर-जी दुव्यावर ३० ते ८० साधारण मानावा. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडून येणाऱ्या दुव्यावर तो ५०० च्या वर जातो व तेथे तो दोष नव्हे. आपल्या दुव्याचा नेहमीचा आकडा माहीत असावा; तो दुप्पट-तिप्पट झाला की तपासणी करावी.

३) हरवलेली पाकिटे : माहिती लहान पाकिटांत विभागून जाते. पाठवलेल्या २० पैकी १ पाकीट हरवले तर गळती ५ टक्के झाली. कधीतरी असे झाल्यास चिंता नसावी. पण रोज होत असेल तर दुवा आजारी आहे असे समजावे.

४) सिग्नलची ताकद : ही ऋण आकड्यात असते. फोर-जी साठी उणे ८० च्या आसपास चांगली व उणे ११० च्या खाली कमजोर समजावी.

विलंब व गळती मोजण्यासाठी संगणकात ‘पिंग’ नावाचा आदेश असतो. तो १९८३ मध्ये तयार झाला. विंडोज संगणकावर एका आदेशाने ४ पाकिटे जातात. तो ५ वेळा दिला की २० पाकिटांचा हिशेब मिळतो.

दोष शोधण्याची रीत

पाणी येईना तर आपण थेट धरणावर जात नाही. आधी मोटार पाहतो. येथेही जवळून दूर जावे.

१) वीज आहे का, अडॅप्टर गरम झाला आहे का, तारेचा खटका नीट बसला आहे का ते पाहावे.

२) राउटरच्या मागे लिहिलेल्या पत्त्यावर पिंग करावे. उत्तर न आल्यास दोष घरातच आहे. तांब्याची नेटवर्क तार १०० मीटरपेक्षा लांब ओढू नये. उंदरांनी कुरतडलेली तार जोडत न बसता बदलावी.

३) राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष बहुधा बाहेरचा आहे. प्रकाशतंतूच्या डबीवर एलओएस हा दिवा लाल झाला असेल तर प्रकाश येत नाही, असे समजावे. रस्त्याच्या किंवा नळाच्या खोदकामात तंतू तुटणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. तो उघडण्याचा प्रयत्न करू नये व टोकात डोळ्याने पाहू नये.

४) खांबावरचे रेडिओ एकमेकांना दिसले पाहिजेत. बसवताना लहान असलेली झाडे दोन-तीन वर्षांत आड येतात, वादळात तोंड फिरते. विलंब व गळती हळूहळू वाढत असेल तर प्रथम हेच पाहावे.

पर्यायी दुवा

१०० पैकी ९५ तास चालणारा एकच दुवा वर्षात सुमारे १८ दिवस बंद राहतो. तसाच दुसरा दुवा जोडीला ठेवल्यास दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ सुमारे २२ तासांवर येतो. मात्र हा हिशेब दोन्ही दुवे खरोखर वेगळे असतील तरच लागू पडतो. एकाच डीपीवर दोन मोटारी बसवल्या तर डीपी जळाल्यावर दोन्ही थांबतात. तसेच दोन कंपन्यांची सिमकार्डे घेतली, पण दोघींची यंत्रे एकाच टॉवरवर असली तर फायदा थोडा. एक दुवा प्रकाशतंतूचा व दुसरा मोबाईलचा ठेवावा आणि राउटरला बॅटरी जोडावी. पर्यायी दुवा महिन्यातून एकदा मुद्दाम चालवून पाहावा.

वारणेचा धडा

१९९८ मध्ये वारणा परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक प्रकल्प सुरू झाला. गावातील केंद्रे साखर कारखान्याशी जोडून ऊस उत्पादकांना त्यांची माहिती गावातच देण्याची सोय त्यात होती. पुढे २००७ च्या सुमारास तेथे सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशावर हेच काम करून पाहण्यात आले व ते चालले. कारण निरोप मुळात लहान होता. यावरून घ्यायचे ते असे की मजकूर आटोपशीर केला तर कमजोर दुवाही पुरतो. मराठी लघुसंदेशात ७० अक्षरचिन्हे मावतात. तारीख, वेळ आणि पावसाचा आकडा त्यात आरामात बसतो. मुख्य दुवा तुटल्यावर एवढे तरी पोचेल, अशी व्यवस्था असावी.

नोंदवही

एका वहीत तारीख, वेळ, दुव्याचे नाव, विलंब, गळती, दोष व उपाय असे रकाने आखावेत. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी दुपारी २ पासून राउटर चालू, बाहेर १०० टक्के गळती’ असे सांगितल्यास दोष लवकर सापडतो. तक्रार क्रमांकही लिहून ठेवावा.

मृगापूर्वी खांबाचे अर्थिंग तपासावे, सैल जोड घट्ट करावेत, रेडिओसमोरील फांद्या छाटाव्यात. विजा कडाडत असताना खांबाला हात लावू नये.

गावात साधा हाती पर्जन्यमापकही जरूर ठेवावा. रोज सकाळी ठराविक वेळी त्याचा आकडा लिहावा. दुवा तुटला तरी तो आकडा तुमच्याजवळ राहतो आणि पडद्यावरचे शून्य खरे की खोटे हे पेरणीपूर्वीच कळते.