कोठारे कोणासाठी?



कारंजा लाडची एक जुनी कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. हवेलीचे बांधकाम चालू असताना एका धनिक व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि ती चुन्यात कालवून भिंती उभारल्या, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, लोक ती कौतुकानेच सांगतात. अफाट संपत्तीकडे प्रभू येशू कोणत्या नजरेने पाहतो?

लूकच्या शुभवर्तमानात (१२:१६-२१) प्रभू एका धनवान माणसाचा दाखला देतो. पीक भरघोस आले, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे त्याने ठरवले. त्याने चोरी केली, असे प्रभू म्हणत नाही. पण त्याच्या बोलण्यात सगळे 'मी' आणि 'माझे'. शेतात राबलेल्यांची त्याला आठवणही होत नाही. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो.

हे कोठार आपल्याला परके नाही. लहान शेतकरी कर्ज काढून सोयाबीन पेरतो. दिवाळीच्या सुमारास देणेकरी दारात उभे राहतात, म्हणून आवक वाढून भाव पडलेला असतानाच त्याला माल विकावा लागतो. ज्याच्याकडे गोदाम आहे तो थांबू शकतो. भाव चढला तर नफा त्याचा. पैशाकडे पैसा जातो तो असा.

देशभर हेच घडते. २०२२-२३ मध्ये सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांकडे भारताची सुमारे ४० टक्के संपत्ती होती, असा अभ्यासकांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर जणांच्या पंगतीत शंभर भाकरींपैकी चाळीस एकाच्याच ताटात! वारशावरील कर १९८५ साली आणि संपत्ती कर २०१५ साली रद्द झाला. याच देशात २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे वाशिमसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना मदत जाहीर करावी लागली.

ख्रिस्तसभा खासगी मालमत्तेला पाप म्हणत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मालमत्तेचा हक्क मान्य केला, आणि मजुराचे पोट भरेल इतके वेतन हा न्याय आहे, असेही ठणकावले. पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली शिकवले की, इतरांना जगण्यापुरतेही मिळत नसताना गरजेपेक्षा जास्त स्वतःसाठी राखून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. देवाने पृथ्वी सर्वांसाठी निर्मिली आहे. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ मध्ये 'दिलेक्सी ते' या पत्रातून गरिबांवरील प्रीतीची आठवण करून दिली.

अब्जाधीशांवर बोट ठेवणे सोपे आहे. पण कापणीची मजुरी अडवून ठेवणारा किंवा शेजाऱ्याच्या अडचणीत त्याचे शेत स्वस्तात घेणारा आपल्यातही असू शकतो. दानपेटीतील नोट ही मजुरीची भरपाई होत नाही. आधी न्याय, मग दान.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्याकडे कोणाची मजुरी बाकी आहे का?
२. बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेची माहिती आपण गरजू शेतकऱ्याला देऊ शकतो का?
३. कुटुंबात एकत्र वाचा: लूक १६:१९-३१, याकोब ५:१-६. आपण कोणत्या लाजरसला ओलांडून जातो?

प्रार्थना: हे प्रभो, आमची कोठारे लहान आणि अंतःकरणे मोठी कर. आमेन.