रुग्णालयातील हवा आणि श्वसनमार्गी विषाणूंचा प्रसार

एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर कोविड-१९ ने बाधित आढळले आणि ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित करावे लागले. चिकित्सास्थानच संक्रमणस्थान कसे बनते, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावयास हवा.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, पाचव्या अध्यायात, औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगताना स्पर्श, सहभोजन, सहशय्या यांसोबत निःश्वासाचाही निर्देश आहे. विषाणूची कल्पना तेथे नाही. तथापि श्वासाचा मार्ग आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेला नव्हता.

प्रसाराची प्रक्रिया : खोकताना, बोलताना, किंबहुना केवळ श्वास सोडतानाही लहानमोठे कण बाहेर पडतात. मोठे कण लवकर खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत दीर्घकाळ तरंगतात. म्हणून रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीत येणाऱ्यास संसर्ग होऊ शकतो. गोवर हे याचे ठळक उदाहरण होय. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात सार्सच्या एका रुग्णापासून शंभराहून अधिक व्यक्तींना लागण झाली. त्यास दिलेल्या नेब्युलायझरमुळे प्रसारास हातभार लागला असावा, असे अभ्यासकांनी मानले.

वायुवीजन : संसर्गाचा उगम दूर झाल्यानंतर खोलीतील हवा तासाला ६ वेळा बदलल्यास ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात, १२ वेळा बदलल्यास सुमारे २३ मिनिटे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारण कक्षासाठी प्रतिरुग्ण प्रतिसेकंद ६० लिटर हवा सुचविली आहे.

भंडारा जिल्ह्यातील उन्हाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. खिडकीत बसविलेला कूलर बाहेरची हवा आत आणतो. मात्र समोरचे दार वा खिडकी उघडी असावी. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवीत राहतात. हिवाळ्यात तर दारे-खिडक्या बंदच असतात.

व्यवहारात पाळावयाचे नियम :

१. कास-ज्वराच्या रुग्णास मास्क देऊन ओसरीत अथवा मोकळ्या जागी बसवावे व आधी तपासावे.

२. गर्भिणी, बालक, वृद्ध व क्षयरोगी यांस त्यांच्यासमवेत बसवू नये.

३. नेब्युलायझर स्वतंत्र, हवेशीर खोलीत द्यावा.

४. वैद्य व परिचारिकांनी चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. सैल मास्कच्या कडांतून हवा शिरते.

५. धूपनास वायुवीजनाचा पर्याय मानू नये. धुराने श्वासरोग्याचा वेग वाढण्याची भीती असते.

हस्तप्रक्षालन आवश्यकच आहे. परंतु हात स्वच्छ आणि हवा कोंडलेली, अशी स्थिती असल्यास संरक्षण अपुरेच राहते. आपल्याकडे ताप दाखवावयास आलेला रुग्ण दुसरा व्याधी घेऊन घरी जाऊ नये, हे पाहणे चिकित्सेचेच अंग आहे.