शंका-समाधान : आयटी टॉवर आणि आदिलाबादची पुढची पंधरा वर्षं

शंका : आदिलाबादला आयटी टॉवर होणार म्हणून २०२२ पासून ऐकतो आहोत. तो झाला की आमच्या पोरांना इथंच नोकऱ्या लागतील का? की हैदराबाद-पुण्याची वाट धरावीच लागेल?
— निवृत्त शिक्षक, आदिलाबाद

समाधान : गुरुजी, टॉवर झाला तर सुरुवातीला काही नोकऱ्या नक्की येतील. त्या टिकतील का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इमारतीच्या बाहेर आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे आयटी मंत्री के. टी. रामाराव आदिलाबादला आले होते. बीडीएनटी लॅब्ज ही कंपनी त्याआधीच इथल्या पोरांना घेऊन सॉफ्टवेअरचं काम करत होती. ते काम पाहून टॉवरची घोषणा झाली. शहरालगत बट्टीसावरगावच्या शिवारात जागा आणि सुमारे ४० कोटींचा खर्च ठरला. म्हणजे आपल्याकडे काम आधी आलं आणि इमारतीचं नाव नंतर निघालं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, आणि पुढच्या नियोजनातही तो मोडू नये.

कारण टॉवर आता एकट्या आदिलाबादला मिळणार नाही. करीमनगर आणि खम्ममचे आयटी टॉवर २०२० मध्येच सुरू झाले. २०२३ मध्ये महबूबनगर, सिद्दिपेट, निजामाबाद आणि नलगोंड्याचे झाले. काचेची इमारत, वातानुकूलन, सवलतीचं भाडं या गोष्टी सगळीकडे सारख्याच मिळणार असतील, तर कंपनीनं करीमनगर सोडून आणखी दीडशे किलोमीटर वर का यावं? हैदराबादपासूनच्या अंतरावर मोजलं तर आपण नेहमी शेवटी राहू.

म्हणून मोजमापच बदलायला हवं. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूर २०० च्या आत-बाहेर, आणि दोन्ही एकाच ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या आयटी कंपन्या बसल्या आहेत. तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत फोनवर सहज बोलणारी पोरं आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडतात. बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं यांच्या ग्राहकसेवेला आणि भारतीय भाषांतल्या संगणकीय कामाला नेमकी अशी माणसं लागतात. आपला जिल्हा राज्याचं वरचं टोक म्हणून बघितला तर दूर आहे. तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या मधला म्हणून बघितला तर मोक्याचा आहे. पंधरा वर्षांचा आराखडा या दुसऱ्या नजरेनं व्हावा असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. ऐंशीच्या दशकात इथं सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना आला, नव्वदच्या दशकात बंद पडला. त्याच्या भरवशावर बसलेल्या घरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. टॉवरमध्ये एकाच मोठ्या कंपनीला निम्म्याहून जास्त जागा देऊ नये. दहा-बारा लहान कंपन्या असल्या तर एक गेली तरी बाकीच्या राहतात.

शंका : मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. गणित चांगलं आहे, इंग्रजी कच्चं. या क्षेत्रात तिचा टिकाव लागेल का?
— एक पालक, बेला

समाधान : लागेल. दहावीच्या गुणांवर बासरच्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात अर्ज करा. लोक त्याला ट्रिपल आयटी म्हणतात. तिथला अभ्यासक्रम सलग सहा वर्षांचा, राहून शिकण्याचा आहे, आणि २००८ मध्ये ते सुरूच झालं ते खेड्यापाड्यातल्या हुशार मुलांसाठी. शिकवणं इंग्रजीत असतं, त्यामुळं पहिलं वर्ष जड जाईल. दहावीनंतरच्या सुट्टीत रोज विज्ञानाचा एक धडा इंग्रजीत वाचायला आणि आपल्या शब्दांत लिहायला लावा. तिथं नंबर लागला नाही तर आदिलाबादचं सरकारी पॉलिटेक्निक आहे. मुलगी आहे म्हणून दूर पाठवायला कचरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

शंका : आयटी आलं तर ते शहरातल्या शिकलेल्यांचं. आम्हा कापूसवाल्यांना त्याचा काय फायदा?
— शेतकरी, जैनथ मंडल

समाधान : तुमचा प्रश्न या नियोजनाच्या गाभ्याला हात घालतो.

मार्केट यार्डात तुमची गाडी लागते. माणूस येतो, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतो आणि आकडा सांगतो. ८ टक्के आला तर पूर्ण हमीभाव. त्यापुढं प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला तर कापूस महामंडळ माल घेत नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ओलावा १२ टक्के आला की क्विंटलमागं ३२४ रुपये गेले. १३ आला तर गाडी परत न्या नाहीतर व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात द्या. पहाटे दव पडलेला कापूस भरून निघालात तर हे होतंच.

याच हंगामात महामंडळानं ‘कपास किसान’ ॲप आणलं आणि विक्रीची वेळ आधी ठरवणं सक्तीचं केलं. ज्याला स्मार्टफोन येत नाही, ज्याचा नंबर आधारशी जोडलेला नाही, तो अडकला.

इथं आपल्या पोरांना काम आहे. उद्याचं दव आणि ऊन पाहून ‘आज भरू नका, दुपारपर्यंत वाळवा’ असं मराठीत, तेलुगूत, गोंडीत फोनवर बोलून सांगणारी सेवा. घरीच ओलावा मोजता येईल असं स्वस्त, विश्वासाचं यंत्र. साध्या फोनवरून वेळ ठरवण्याची सोय. हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या अभियंत्याला ही अडचण माहीत नाही. जैनथच्या पोराला ती पाठ आहे. इथं चाललेली वस्तू यवतमाळ, नांदेड, परभणीतही चालेल, कारण कापूस तोच आणि यार्डही तसंच. बाहेरून मिळालेलं काम कंत्राट संपलं की जातं. आपल्या अडचणीतून उभा राहिलेला धंदा सहसा गाव सोडत नाही.

शंका : पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. गावी परतून छोटी कंपनी काढावी म्हणतो. घाई तर होत नाही ना?
— एक अभियंता, मूळ गाव तामसी

समाधान : निदान एक पक्का ग्राहक हातात घेऊन या. सुरुवात पाच-सहा जणांनी करा, जागा भाड्यानं घ्या. इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आणि विजेचा पर्याय पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण एक दिवस काम थांबलं तर बाहेरगावचा ग्राहक विश्वास काढून घेतो. आदिलाबादच्या प्रस्तावित विमानतळाची वाट पाहत बसू नका. हवाई दलाची परवानगी २०२५ मध्ये मिळाली असली तरी विमान उतरेपर्यंत वेळ जाईल. जिल्ह्याला तुमच्यासारखी अनुभवी माणसं कोणत्याही सवलतीपेक्षा जास्त हवी आहेत. नवशिक्यांच्या शेजारी बसून काम शिकवणारं इथं आज फार थोडं कुणी आहे.

सगळ्याच पत्रलेखकांना एक सांगतो. टॉवरची फीत कापली जाईल तेव्हा टाळ्या वाजवाच. पण आमदार, खासदार, जिल्हाधिकारी गावात येतील तेव्हा एवढं विचारत राहा : किती खुर्च्या भरल्या, त्यात जिल्ह्यातले किती, मुली किती, आणि तीन वर्षांपूर्वी लागलेल्यांपैकी आज किती जण त्याच जागी आहेत? हे आकडे दरवर्षी जाहीर करण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून पाठवा.